भावाला वाटणी, बायकोला पोटगी : कोल्हापुरातील वकील आणि मध्यस्थांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरात कौटुंबिक दाव्यांचे काम पाहणारे वकील, मध्यस्थ आणि विवाह समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी हिशेबनीस आहे. गेली सव्वीस वर्षे शिवाजी उद्यमनगरातील लहान कारखानदारांचे, लक्ष्मीपुरीतील काही व्यापाऱ्यांचे आणि करवीर तालुक्यातील दोन दूध संस्थांचे जमाखर्च मी लिहीत आले आहे. वकिली मला येत नाही आणि तुमच्या कामात तुम्हाला मार्ग दाखवण्याचा अधिकारही मी सांगत नाही. परंतु घटस्फोटाच्या बोलणीत शेवटी जो आकडा कागदावर येतो, तो ज्या वह्यांतून यायला हवा त्या वह्या मी रोज हाताळते, आणि तो आकडा त्या वह्यांतून येत नाही हे मला दिसते. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मागच्या काही वर्षांत माझ्याकडे ओळखीतून अशी माणसे येऊ लागली की ज्यांना त्यांच्या वकिलांनी ‘आकडा ठरवून या’ असे सांगितलेले असते. बाई येते तेव्हा सोबत भाऊ किंवा आई असते. कागदावर घरभाडे, किराणा, गॅस, मुलाची शाळा, औषधे अशी यादी असते आणि मी तिची बेरीज तपासून द्यावी एवढीच अपेक्षा असते. पुरुष येतो तेव्हा त्याच्या हातात पगारपत्रक असते, आणि त्यातून कर्जाचे हप्ते व आईवडिलांचे औषधपाणी वजा जाता किती ‘देता येईल’ हे त्याला जाणून घ्यायचे असते. एकीच्या कागदावर गरज असते, दुसऱ्याच्या कागदावर ऐपत असते, आणि दोघांच्याही कागदावर एक गोष्ट कधीच नसते : लग्नाच्या दिवशी या दोघांजवळ काय होते, आज काय आहे, आणि मधल्या वर्षांत जे वाढले ते कोणाकोणाच्या कष्टाने वाढले.

हे मला स्वतःच्या वेळी कळायला हवे होते. माझे लग्न झाले तेव्हा माझ्या पतींच्या वर्कशॉपमध्ये एक जुने लेथ मशीन आणि एक ड्रिलिंग मशीन होते, तेही भाड्याच्या गाळ्यात. पंधरा वर्षांनी आम्ही वेगळे झालो तेव्हा गाळा स्वतःचा होता, लेथ चार होते, एक व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) कर्जावर घेतलेले होते आणि शिरोलीच्या दोन फौंड्रींचे जॉब वर्क नियमित येत होते. त्या पंधरा वर्षांत चलने, बिले, विक्रीकराची आणि पुढे व्हॅटची विवरणपत्रे, कामगारांचे पगार, बँकेला द्यायची मालसाठ्याची पत्रके हे सगळे मी रात्री, मुलगी झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत असे. दुसरे लेथ घेताना माझ्या पाटल्या आणि आईने घातलेला कोल्हापुरी साज गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मोडला. दिवसा मी एका ऑफिसात अर्धवेळ काम करीत असे आणि तो पगार घरखर्चात जात असे. माझे पती दुष्ट नव्हते. ते बारा बारा तास मशीनवर उभे राहत, हेही मी इथे लिहिले पाहिजे.

बोलणीच्या टेबलाशी मला विचारण्यात आले, “ताई, महिन्याला तुम्हाला किती लागतात?” मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यातून माझा पगार वजा झाला, उरलेल्या रकमेला काही वर्षांनी गुणले, थोडी घासाघीस झाली आणि एकरकमी आकडा ठरला. त्या आकड्यात गाळा नव्हता, मशीन नव्हती, मोडलेल्या पाटल्या नव्हत्या. मला कोणी फसवले असे मी म्हणणार नाही. मला जो प्रश्न विचारला गेला तोच चुकीचा होता, आणि दुसऱ्यांचे ताळेबंद मांडणारी मी त्या प्रश्नाचे उत्तर देऊन सही करून बाहेर आले.

आपल्या भागात वाटणी म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागत नाही. दोन भाऊ वेगळे व्हायचे ठरले की जाणती माणसे बसतात. थोरला मुंबईत नोकरीला असतो, धाकटा गावात राहून शेती, जनावरे आणि म्हातारे आईवडील सांभाळत असतो. थोरल्याच्या पैशांतून पाइपलाइन झालेली असते, घरावर स्लॅब पडलेला असतो. तरीही वाटणीच्या बैठकीत ‘धाकट्या, तुला महिन्याला किती लागतात?’ असे कोणी विचारत नाही. तो प्रश्न त्याला अपमानाचा वाटेल आणि विचारणाऱ्यालाही लाज वाटेल. त्याने वीस वर्षे धारा काढल्या, पाणी पाजले, बापाला दवाखान्यात नेले याची एकही पावती त्याच्याकडे नसते, पण एकत्र कुटुंबात जे उभे राहिले त्यात त्याचा वाटा आहे हे सगळ्यांनी आधीच धरलेले असते. कोणत्या तुकड्याची प्रत चांगली, विहिरीचे पाणी कोणाला किती दिवस, एवढ्याच गोष्टींवर वाद होतो.

त्याच घरातली सून वेगळी होते तेव्हा मात्र आपली भाषाच बदलते. भावाला वाटणी मिळते आणि बायकोला पोटगी. पोटगी हा शब्द पोटावरून आलेला आहे आणि खावटी हा खाण्यावरून. दोन्ही शब्दांत तिने कमावले काय याला जागाच नाही, फक्त तिने जगायचे कसे एवढेच आहे. या दोन शब्दांनी आपला विचार बांधून टाकला आहे, असे माझे मत झाले आहे.

कायद्यातला फरक मला समजतो. भावाचा हक्क जन्माने येतो, बायकोचा तसा येत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २४ खाली दाव्याच्या काळातली पोटगी मिळते, कलम २५ खाली कायमची पोटगी किंवा एकरकमी रक्कम मिळते, आणि ही दोन्ही कलमे पती आणि पत्नी अशा दोघांनाही खुली आहेत. मालमत्तेविषयी त्या कायद्यात एकच कलम आहे, २७ वे, आणि तेही लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून भेट आलेल्या वस्तूंपुरतेच. लग्नानंतर दोघांनी मिळून उभे केलेले घर, गाळा, ठेवी, भविष्य निर्वाह निधी यांच्या वाटणीची तरतूद नाही. कागद ज्याच्या नावावर, वस्तू त्याची, हा नियम तिथे येऊन बसतो. ही उणीव दिल्लीला माहीत नाही असेही नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत घटस्फोटाच्या वेळी पत्नीला हिस्सा देण्याची सोय असलेले विवाहविषयक सुधारणा विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केले होते. लोकसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपताच ते बाद झाले. २०१८ मध्ये विधी आयोगानेही आपल्या सल्लापत्रात विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची मिळून धरावी असे सुचवले, आणि त्याचबरोबर प्रत्येक वेळी सरसकट निम्मेनिम्मे करावे असा त्याचा अर्थ नाही, हेही स्पष्ट केले. दोन्ही गोष्टी मला योग्य वाटतात.

चंदगडहून तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग ओलांडला की गोवा लागतो. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आजही चालू आहे, आणि त्या कायद्याखाली झालेल्या विवाहात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. दोघांच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही आणि विभक्त होताना दोघांचा निम्मा हिस्सा मानला जातो. तिथे सगळे सुरळीत चालते असा माझा दावा नाही. पण तासाभराच्या घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे तीच भाकरी थापणारी, तीच मुले वाढवणारी बाई एका बाजूला भागीदार असते आणि दुसऱ्या बाजूला आश्रित, हे मला हिशेबाच्या दृष्टीने पटत नाही.

आपल्या न्यायालयांनी वाट अडवून धरलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. स्त्रीधन हे पत्नीचे स्वतःचे असते आणि सासरच्या ताब्यात असले तरी ते तिचेच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या अपघात भरपाईच्या निकालात त्याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल मोजण्याविषयी सविस्तर लिहिले आणि त्यासाठी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला. त्या सर्वेक्षणात बिनपगारी घरकामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतात असे आढळले होते. हा निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी एकाच जागी थांबले आहे. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या श्रमाचे मोल आपण रुपयांत काढतो, विमा कंपनीकडून ते भरून घेतो. आणि जिवंतपणी घर सोडणाऱ्या गृहिणीच्या त्याच श्रमाचे मोल बोलणीच्या टेबलावर शून्य धरतो. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही विसंगती दूर करणारे पाऊल टाकले : पती परदेशात कमावत असताना पत्नीने घर सांभाळले, म्हणून त्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत तिचाही समान वाटा आहे, असे त्या निकालात म्हटले गेले. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण तुमच्या युक्तिवादात त्याला जागा नक्कीच मिळू शकते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. ज्या बेंचसाठी तुम्ही कित्येक वर्षे आंदोलने केली, त्याच्यासमोर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे जातात. हा मुद्दा नीट मांडलेल्या हिशेबासह तिथवर न्यावा, असे मला मनापासून वाटते.

पण मी मुख्यतः निकालांविषयी लिहीत नाही. संमतीने होणाऱ्या घटस्फोटात अटी दोन्ही पक्ष ठरवतात आणि तुम्ही त्या लिहिता. तिथे कायदा तुमचे हात बांधत नाही. तिथे फक्त सवय आहे.

ही सवय किती चुकवते ते एका उदाहरणाने सांगते. नावे आणि तपशील बदलले आहेत, आकडे सोपे केले आहेत, पण अशा वह्या मी पाहिल्या आहेत. पतीचा पगार नव्वद हजार, पत्नीचा पंचवीस हजार. आठ वर्षांपूर्वी उचगावच्या बाजूला चाळीस लाखांचा फ्लॅट घेतला. दहा लाख दोघांच्या शिलकीतून घातले आणि तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढले. हप्ता सुमारे सत्तावीस हजार. हप्ता पतीच्या खात्यातून जात असल्याने आणि कर्ज त्याच्या पगारावर मिळाल्याने खरेदीपत्रही एकट्याच्या नावाने झाले. पत्नीच्या पंचवीस हजारांतून किराणा, दूध, वीज, शाळेची फी, कामवाली, पाहुणे, सण असे सगळे भागत होते. आज फ्लॅटची किंमत साठ लाख धरली आणि कर्जाची बाकी सुमारे चोवीस लाख वजा केली तर छत्तीस लाख उरतात. शिवाय पतीच्या नावावर भविष्य निर्वाह निधी आहे, म्युच्युअल फंडाचे हप्ते आहेत. पत्नीच्या नावावर एक जुनी स्कूटर आणि साठ हजारांचे बचत खाते आहे.

कागद पाहणाऱ्याला वाटेल की पतीने मिळवले आणि पत्नीने खर्चले. वास्तविक दोघांनीही मिळवले होते. फरक एवढाच की तिचा पैसा अशा गोष्टींवर गेला ज्या संध्याकाळपर्यंत संपतात, आणि त्याचा पैसा अशा गोष्टींत गेला ज्या वीस वर्षे टिकतात. तिने किराणा भरला नसता तर तो त्याला भरावा लागला असता आणि मग सत्तावीस हजारांचा हप्ता त्याला इतका सुखाने झेपला नसता. तिचा खर्च आणि त्याचा हप्ता ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत; आमच्या भाषेत सांगायचे तर ती एकच नोंद आहे, तिची एक बाजू नावे आणि एक बाजू जमा. तुम्ही एका बाजूवरून मालकी ठरवता आणि दुसरी बाजू खोडून टाकता, तेव्हा ताळेबंद जुळत नाही. उत्पन्न जितके असमान, तितकी ही चूक मोठी होते, कारण कमी पगाराच्या माणसाकडे रोजचा खर्च आणि जास्त पगाराच्या माणसाकडे मोठी खरेदी, अशी विभागणी बहुतेक घरांत आपोआप होते. ती कोणी कपटाने केलेली नसते.

खेड्यात हेच वेगळ्या रूपात दिसते. सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, कारखान्याचा सभासद नवरा, उसाचे बिल त्याच्या खात्यावर. दूध संस्थेतही खाते त्याच्याच नावाचे. धारा ती काढते, वैरण ती आणते, डेअरीला कॅन घेऊन तीच जाते, आणि दर दहा दिवसांचे बिल व दिवाळीला मिळणारी दरफरकाची रक्कम त्याच्या खात्यावर जमा होते. मी ज्या संस्थांचे दप्तर पाहते तिथे मी हे स्वतः लिहिले आहे, म्हणून खात्रीने सांगते. अशा बाईला न्यायालयात ‘उत्पन्न काही नाही’ असे लिहून द्यावे लागते. तिचे उत्पन्न आहे, फक्त ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेले आहे, आणि संस्थेच्या खतावणीत त्याची वर्षावर्षांची नोंद सापडते. ती नोंद मागवून घ्या, एवढेच माझे म्हणणे आहे. पत्नीचे नाव घराच्या उताऱ्यावर लावण्यासाठी आपल्या राज्यात ‘घर दोघांचे’ ही मोहीम झाली होती. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढून पाहावा, कधी कधी तिथे तिचे नाव असते आणि तिलाच ते ठाऊक नसते.

माहिती उघड करण्याची सक्ती आता कायद्यानेच आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही मालमत्ता, देणी आणि उत्पन्न यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. शेतकरी कुटुंबांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. त्यात जमीन, पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, जनावरे यांची माहिती विचारली आहे. हा नमुना आपल्या भागासाठीच बनवला असावा इतका तो इथे उपयोगी आहे. पण मी पाहिलेल्या काही प्रतिज्ञापत्रांत निम्मे रकाने ‘लागू नाही’ लिहून मोकळे सोडलेले होते, आणि समोरच्या बाजूने त्यावर हरकतही घेतलेली नव्हती.

इथे माझ्या व्यवसायातील माणसांच्या वतीने एक कबुली देते. लहान उद्योजकाचे प्राप्तिकर विवरणपत्र एक नफा दाखवते आणि त्याच वर्षी बँकेकडे कर्जासाठी दिलेला प्रकल्प अहवाल दुसराच नफा दाखवतो. हे दोन्ही कागद बहुधा एकाच माणसाने तयार केलेले असतात. पोटगीच्या प्रतिज्ञापत्रात यांपैकी लहान आकडा येतो. तुम्ही फक्त विवरणपत्रे मागवू नका. कर्जप्रकरणाची फाइल, मालसाठ्याची पत्रके, जीएसटीची विवरणपत्रे आणि वीजबिले मागवा. मशीन किती तास चालते हे वीजबिल लपवीत नाही.

हे पत्र फक्त स्त्रियांसाठी लिहिले आहे असे कोणी समजू नये. माझ्याकडे गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते. त्यांची पत्नी सरकारी सेवेत, पगार यांच्या तिप्पट. बदल्या तिच्या झाल्या, म्हणून मुलांच्या शाळा, आजारपणे आणि सासूबाईंची शेवटची चार वर्षे यांनी सांभाळली आणि त्यासाठी स्वतःचे दुकान बंद केले. फ्लॅट पत्नीच्या नावावर होता. ते पोटगी मागायला तयार नव्हते, कारण पुरुषाने पोटगी मागायची म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही असे त्यांना वाटत होते. वाटणी हा शब्द त्यांना चालला असता. तो शब्द त्यांना कोणी दिला नाही आणि ते रिकाम्या हाताने सही करून गेले. पोटगीत घेणाऱ्याची मान खाली जाते, वाटणीत जात नाही; आणि देणाऱ्यालाही आपण दंड भरतो आहोत असे वाटत नाही.

वाटणीलाही मर्यादा असतात. सासऱ्याची वडिलोपार्जित जमीन, माहेरहून आलेला वारसा, लग्नाआधीच्या ठेवी, स्त्रीधन या गोष्टी ज्याच्या त्याला राहाव्यात. मोजायची ती फक्त विवाहकाळातली वाढ. वडिलोपार्जित घरावर दोघांच्या पैशांतून मजला चढला असेल तर घर सोडून मजल्याच्या खर्चाचा विचार व्हावा. आठ महिने टिकलेल्या लग्नात निम्म्या वाट्याची भाषा मला अन्यायाची वाटते. पंधरा-वीस वर्षांच्या संसारात मात्र निम्म्यापासून सुरुवात करावी, आणि ज्याला त्याहून कमी द्यायचे असेल त्याने कारण सांगावे. आज उलटे आहे : शून्यापासून सुरुवात होते आणि प्रत्येक रुपयाचे कारण तिला सांगावे लागते. पगाराच्या पंचवीस टक्के हा २०१७ च्या एका निकालातला आकडा तर नियम असल्यासारखा सगळीकडे वापरला जातो. तो पोटगीसाठी त्या प्रकरणापुरता सांगितलेला होता, मालमत्तेशी त्याचा संबंध नाही.

वाटणी झाल्यावरही पोटगीची गरज उरू शकते, कारण ज्या माणसाने मुलांसाठी नोकरी सोडली त्याची पुढची कमाईही कमी झालेली असते. त्या वेळी एकरकमी रकमेचा मोठा आकडा पाहून कोणी भुलू नये. वीस लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख चाळीस हजार, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास हाती येतात, आणि दहा वर्षांनी त्या रकमेत आजच्या इतका किराणा येत नाही. मुलांचा खर्च तर वेगळाच धरावा आणि दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटावा. वरच्या उदाहरणात तो साधारण अठ्ठ्याहत्तर आणि बावीस असा पडतो. हा खर्च बाईच्या पोटगीत मिसळला की मूल अठरा वर्षांचे झाल्यावर नेमके काय थांबते यावर पुन्हा वाद होतो.

कर्जाकडे फार थोडे लक्ष दिले जाते. पत्नी सहकर्जदार असेल तर ‘यापुढील हप्ते पती भरील’ असे अटींत लिहून ती सुटत नाही, कारण बँक त्या अटींत पक्षकार नसते. हप्ता थकला की नोटीस तिलाही येते आणि तिचा सिबिल स्कोअरही खाली जातो. कर्ज एकाच्या नावावर फिरवून घेतल्याचा बँकेचा कागद हातात आल्याशिवाय दुसऱ्या मोशनला, म्हणजे संमतीच्या घटस्फोटाच्या शेवटच्या सुनावणीला, उभे राहू नये, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते. कराचेही तसेच आहे : दरमहा मिळणारी पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, तर एकरकमी मिळालेली रक्कम भांडवली स्वरूपाची असल्याने उत्पन्न ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्येच म्हटले आहे. राहते घर पत्नीला द्यायचे असेल तर पतीने केलेल्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची जी मोठी सवलत आहे ती नाते असेपर्यंतची आहे; घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर ते दोघे एकमेकांचे कोणी नसतात. तारखांचा हा क्रम चुकल्यामुळे भरावी लागलेली रक्कम मी पाहिली आहे आणि ती मुलीच्या दोन वर्षांच्या फीइतकी होती.

तेव्हा तुम्हाला माझी विनंती अशी आहे. कोणत्याही बाजूचा आकडा ऐकण्यापूर्वी दोन पाने मागा. एका पानावर लग्नाच्या दिवशी दोघांकडे असलेली मालमत्ता आणि देणी, दुसऱ्यावर वेगळे राहू लागल्याच्या दिवशीची. दोन्ही पानांवर दोघांच्या सह्या असाव्यात. त्या दोन पानांतला फरक आधी वाटा, त्यानंतर पोटगीचे बोला, आणि मुलांचा खर्च तिसऱ्या ठिकाणी लिहा. समुपदेशकांनी पहिल्याच बैठकीत ‘तुम्हाला किती लागतात’ हा प्रश्न न विचारता ‘तुम्ही दोघांनी मिळून काय उभे केले’ असे विचारावे. पहिल्या बैठकीतली माणसे बहुतेक वेळा रागावलेली असतात, पण या प्रश्नावर ती थोडा वेळ थांबतात आणि आठवू लागतात, असा माझा अनुभव आहे. कधी कधी दुसरा माणूस त्यात भर घालतो : नाही, ते मशीन तिच्या पाटल्यांवर आले होते.

असे तीन नमुने मी प्रत्येकी दोन पानांत मराठीत तयार केले आहेत. एक शहरातल्या पगारदारांसाठी, एक लहान कारखानदारांसाठी आणि एक शेती व दुधावर चालणाऱ्या घरांसाठी. जिल्हा बार असोसिएशनने परवानगी दिली तर त्यांच्या प्रती मी स्वखर्चाने काढून वाचनालयात ठेवीन. ज्या स्त्रियांना वकील परवडत नाही त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या वकिलांपैकी कोणाला वह्या वाचायला मदत लागली तर शनिवारी दुपारी दोननंतर मी बसायला तयार आहे, आणि त्याचे काही मानधन नको. येताना दूध संस्थेचे पासबुक, कर्जाचा उतारा आणि जुनी वीजबिले तेवढी सोबत आणावीत.

आपली नम्र,
एक हिशेबनीस,
कोल्हापूर